जांभळी रेघ

"फायबर काप. पाइपला हात लावायचा न्हाई," गाडीखालून दस्तगीरचाचांचा आवाज आला.

मी बाहेर उकिडवा बसलो होतो. मांडीवर पुढच्या मडगार्डाचं फायबरचं कवच होतं. तीन दिवस पॉलिश पेपरने घासून माझ्या बोटांची सालटी निघाली होती आणि आता ते बसत नव्हतं. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकचा रबरी पाइप धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी होती. तिला त्याची कड अडत होती.

"चाचा, एकच इंच," मी म्हणालो. "ती पट्टी इंचभर आत फिरवली की मडगार्ड चपखल बसतंय."

"मग मडगार्ड इंचभर काप."

"गोलाई जाती हो सगळी!"

"जाऊ दे की. गोलाई गेली तर लोक हसतील. ब्रेक गेला तर रडतील."

चाचा चाकं लावलेल्या फळीवरून सरकत बाहेर आले आणि उठून बसले. "टायर तू रुंद घातलंस. पट्टी आत घेतली तर स्टेअरिंग पुरतं वळवल्यावर पाइप टायरला घासणार. आज काय हुणार न्हाई. चार दिवसांनी हुईल. पणबिण काय न्हाई. काप."

हे सत्त्याण्णव सालचं. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे गाळे भिंतीला भिंत लागून होते, चाचांचा इंजिनाचा आणि माझा फायबरचा. मी सव्वीस वर्षांचा होतो. पाण्याच्या टाक्या, रिक्षाचे टप आणि गणेश मंडळांच्या गुहा बनवून बनवून मला उबग आला होता. बाहेरच्या मासिकांतले मोटारींचे फोटो कापून मी भिंतीला चिकटवत असे. आमचे तीर्थरूप ते बघून विचारायचे, "ह्यातली एक तरी तू बनवलीस का रे?"

चाचा साठीला टेकलेले. आडनाव शिकलगार. पूर्वज तलवारींना धार लावायचे, हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, पण दुसरं कुणी सांगत असलं की काम थांबवून ऐकायचे. एका गाडीचं इंजिन दुसरीत चढवण्यात त्यांचा हात धरणारा सांगली-कोल्हापुरात कुणी नव्हता. पण नव्या गाड्या आल्या होत्या, गिऱ्हाईक शोरूमकडे वळलं होतं आणि 'म्हाताऱ्याचे दिवस संपले' असं लोक आता त्यांच्या पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायला लागले होते.

अशात हुपरीच्या शीतल गाटने ती गाडी आणली. गाटांचा चांदीचा धंदा. निलगिरीतल्या कुठल्याशा चहामळ्याच्या गोदामात शीतलशेठला ती सापडली होती. बासष्ट सालची, इंग्लंडात बनलेली, दोनच सीटची, डोक्यावर कापडी टप असलेली स्पोर्ट्स कार. इंजिन गंजून दगड झालेलं. त्याला ते दुरुस्त करायचं नव्हतंच. त्याला आत जपानी गाडीचं दोन लिटरचं इंजिन हवं होतं आणि बाहेर रुंद मडगार्डं, जमिनीला टेकणारा पुढचा ओठ, मागे पंख असं सगळं बॉडी किट. "सुकुमार, गाडी उभी असली तरी पळाल्यासारखी दिसली पाहिजे," एवढंच त्याचं म्हणणं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुण्यात अशा बदललेल्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मुंबईचे, बंगळुरूचे शौकीन येणार होते. गाडीपुढे पाटी लागणार होती. इंजिन: दस्तगीर शिकलगार. बॉडी: सुकुमार उपाध्ये. चाचांना त्या पाटीतून पुन्हा मिस्त्री व्हायचं होतं. मला पहिल्यांदा काहीतरी व्हायचं होतं. खरं सांगायचं तर मला त्या पाटीवरची दुसरी ओळच दिसायची.

नवं इंजिन जुन्यापेक्षा हातभर लांब. चाचांनी चासीची आडवी पट्टी कापून नवी घडवली. इंजिनाचं फाउंडेशन तीनदा बनवलं, तीनदा मोडलं. अडीच महिने ते त्या गाडीत वाकलेले होते. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसते ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "ये, तूबी ऐक." मला काही वेगळं ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

उद्यमनगरात एक रीत होती. नट शेवटचा आवळून झाला की मिस्त्री त्यावर रंगाची रेघ ओढायचा, नटावर आणि पट्टीवर मिळून एक. नट जरा जरी फिरला, की रेघ तुटलेली दिसायची. प्रत्येकाचा रंग वेगळा, कुणाचा पांढरा, कुणाचा पिवळा. चाचांचा जांभळा, आणि तो रंग म्हणजे चक्क बायकांचं नेलपॉलिश, महाद्वार रोडवरच्या बांगड्यांच्या दुकानातून आणलेलं. त्यावरून त्यांची फार चेष्टा व्हायची.

"चाचा, चाचीची बाटली चोरून आणली काय?" समोरचा लेथवाला ईश्वरा पोवार हटकून विचारायचा.

"तुझ्या बायकूला इचार, कुणाची हाय," चाचा म्हणायचे आणि सगळ्यात आधी ईश्वराच हसायचा.

चेष्टा केली तरी जांभळी रेघ असलेल्या नटाला उद्यमनगरात दुसरा कुणी पाना लावत नसे. तो नट चाचांचा. तो बिघडला तर जबाब चाचांचा.

मडगार्डावरून आमची वादावादी झाली तो गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले. शनिवारी सकाळी पेंटर येणार होता. मडगार्ड कापायचं म्हणजे कड पुन्हा बनवायची, रेझिन सुकवायचं, पुट्टी भरायची, घासायचं. दोन दिवस गेले असते, पेंटर दुसऱ्या कामावर गेला असता आणि प्रदर्शन हुकलं असतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

दोन नट होते. मी पाना लावला. पट्टी इंचभर आत फिरवली, नट परत आवळले. मडगार्ड लावून पाहिलं. काय बसलं म्हणून सांगू! मी चार पावलं मागे जाऊन एकटाच हसलो. मग स्टेअरिंग वळवून पाहिलं. ते पुरतं वळलं नाही, कारण चाकापुढे इंजिन उचलायच्या चेनकप्पीच्या घोडीचा पाय होता. तो बाजूला सारायला हवा होता. मी सारला नाही. नंतर दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं.

चाचांच्या रेघा तुटल्या होत्या. फायबरच्या धंद्यात ॲसिटोनचा डबा कायम हाताशी असतो. नेलपॉलिश त्याने निघतं, हे कुठलीही बाई सांगेल. मी चिंधी बुडवून जुन्या रेघा पुसल्या, चाचांच्या गाळ्यातली बाटली आणली आणि गाडीखाली उताणा पडून नव्या ओढल्या.

चाचांना अडकवायचं माझ्या मनात नव्हतं. रेघ तुटलेली दिसली असती तर ते खाली वाकले असते, मला चार शिव्या बसल्या असत्या आणि मडगार्ड कापावं लागलं असतं, एवढंच मला टाळायचं होतं. रंग लागला की सांगू, असं मी ठरवलं होतं. रंग लागलेलं मडगार्ड काप म्हणायला त्यांचीही जीभ रेटली नसती.

चाचा परत आले तेव्हा दोन्ही मडगार्डं चढलेली होती. त्यांनी टोपी खिशात ठेवली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"कापलंस?"

"कापलं, चाचा."

त्यांनी मडगार्डाच्या कडेवरून तळवा फिरवला. "बघ. कापूनबी गोलाई ऱ्हायली का न्हाई? उगंच भांडालतास." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी रंग लागला. गडद हिरवा. रविवारी सांगू म्हटलं, सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी शीतलशेठ पेढे घेऊन आला. पेढ्यांच्या वेळी कुणी असलं काही बोलतं का?

मंगळवारी पहिली मोठी फेरी होती. ज्याने इंजिन बसवलं त्याने ती मारायची आणि मालकाने शेजारी बसायचं, हीही आमच्याकडची रीत. जोतिबाचा घाट ठरला. सकाळी आठला चाचा धुतलेला सदरा घालून आले होते. मी स्कूटरवरून मागे निघालो.

चढताना गाडी अशी गेली की मी तिच्या मागे राहूच शकलो नाही. वर पोचलो तेव्हा शीतलशेठ बोनेटवर हात टेकून उभा होता. "इंजिन हाय का काय हाय हे, मिस्त्री!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चाचांचे कान लाल झाले होते. त्यांना तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही कधी पाहिलं नाही.

उतरताना मी जवळच होतो. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी गाडीचा मागचा लाल दिवा लागला, आणि गाडी हळू झाली नाही. दिवा विझला, लागला, विझला, लागला. चाचांनी गिअर खाली टाकला तसं इंजिन किंचाळलं. हॉर्न वाजायला लागला. समोरून एसटी वर येत होती. चाचांनी गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. माझं मडगार्ड, माझा ओठ, माझं सगळं किट तुकडे तुकडे होऊन रस्त्यावर आलं. तीसेक फूट गाडी डोंगराला घासत गेली आणि थांबली.

शीतलशेठचा डावा पाय मांडीत मोडला होता. चाचांचं कपाळ फुटलं होतं, दोन बरगड्या गेल्या होत्या. रस्त्याकडेला बसून ते एकच सांगत होते, "पायडल खाली गेलं. सरळ खालीच गेलं."

चार दिवसांनी गाडी उद्यमनगरात आमच्या गाळ्यांपुढे दगडांवर उभी होती. शीतलशेठचे वडील धन्यकुमार गाट आले होते, त्यांच्याबरोबर चार माणसं. आजूबाजूचे सगळे मिस्त्री जमले होते. चाचा छातीला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. ईश्वरा गाडीखाली गेला.

"डावा पाइप फाटलाय," तो खालून म्हणाला. "टायरनं घासून. पट्टी लई आत घेतलिया."

"कुणी घेतली?" गाटांनी विचारलं.

ईश्वरा म्हणाला, "नटावर जांभळी रेघ हाय. तुटल्याली न्हाई."

सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा उठले. बरगड्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. दोघांनी धरून त्यांना फळीवर झोपवलं आणि आत सरकवलं. खूप वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. आता ते बाहेर येतील आणि नाव घेतील, असं मला वाटत होतं. त्यांनी ते घ्यावं, असंही वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

त्यांना बाहेर काढून बसवलं. ते मला एरवी 'सुकू' म्हणायचे.

"सुकुमार," ते म्हणाले, "ही रेघ माझी हाय का?"

गाट माझ्याकडे बघत होते. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता. पोलिसात जायचं का नाही, हे अजून ठरलं नव्हतं. पुण्याच्या प्रदर्शनाला आठ दिवस होते आणि तिथे आता काहीही न्यायचं उरलं नव्हतं. ह्या सगळ्यांत मला दिसत होतो तो फक्त मी.

"रंग तुमचाच आहे, चाचा," मी म्हणालो.

रेघ तुमची आहे, असं मी म्हणालो नव्हतो. कितीतरी वर्षं मी स्वतःची तेवढ्यावर समजूत काढत होतो. किती हलका माणूस!

चाचांनी गाटांपुढे हात जोडले. "मालक, चूक माझी. म्हातारा झालो. डोळं फसवालेत."

धन्यकुमार गाट भला माणूस. त्यांनी केस केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसते म्हणाले, "मिस्त्री, आता पुरे करा." ते वाक्य आठवड्यात सांगलीपर्यंत गेलं. चाचांच्या गाळ्यापुढे उभ्या असलेल्या दोन जीप मालकांनी ओढून नेल्या. पाडव्यापर्यंत चाचांनी गाळा सोडला.

माझं मात्र बरं चाललं. साचे शाबूत होते. पुढच्या वर्षी त्याच साच्यांतून दुसऱ्या एका जुन्या गाडीचं किट काढलं, ते पुण्याला गेलं, पाटीवर माझं नाव लागलं. तीर्थरूपांनी फोटो काढून घेतला. मग कामं यायला लागली आणि मी शिरोलीला मोठी शेड घेतली.

त्या शेडमध्ये एक दिवस चाचा आले. हातात जेवणाचा डबा होता.

"काम देतोस?"

"चाचा, तुम्हाला? इंजिनाचं काही माझ्याकडे..."

"इंजिन न्हाई. पाना धरायचा न्हाई आता. मेण लावीन."

फायबरचा साचा भरण्याआधी त्याला मेण लावावं लागतं. लावायचं, सुकलं की चोळायचं, परत लावायचं, असं सहा-सात वेळा, नाहीतर फायबर साच्याला चिकटून बसतं. बिनडोक काम, पण कुणी मन लावून करत नाही. चाचांनी ते सहा वर्षं केलं. त्या सहा वर्षांत माझा एक साचा चिकटला नाही.

लोकांनी माझं कौतुक केलं. "एवढं नुकसान केलं तरी म्हाताऱ्याला पोसतोय," असं ईश्वरा चारचौघांत सांगायचा. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दुपारी जेवायला चाचा माझ्या केबिनमध्ये यायचे. बाकीचे बाहेर झाडाखाली बसायचे, हे आत. दार लावून घ्यायचे, माझ्यासमोर डबा उघडायचे आणि हळूहळू खायचे. अधूनमधून माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय मग, सुकुमार?" मी म्हणायचो, नाशिकची ऑर्डर आली, रेझिन महाग झालं, बायकोला दिवस गेलेत. ते ऐकून घ्यायचे. डबा पुसायचे, झाकण लावायचे आणि कामाला जायचे. सहा वर्षं, रोज. मला वाटायचं, पंख्यासाठी येतात.

मग त्यांचे गुडघे गेले. मिरजेचा जावई चाचा-चाची दोघांना घेऊन जाणार होता. शेवटच्या दिवशी दुपारी ते केबिनमध्ये आले, दार लावलं आणि बसले. डबा आणला नव्हता.

"उद्यापास्नं येणार न्हाई," ते म्हणाले.

"माहीत आहे, चाचा. काही लागलं तर हक्काने सांगा."

"सहा वर्सं झाली. तुला काय वाटलं, मी मेण लावायला आलतो?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझी रेघ मला वळखत न्हाई व्हय रे? मी वरनं खाली वढतो. ती खालनं वर वढल्याली हुती, उताणं पडून. त्याच दिवशी दिसलं मला. कापलं म्हणालतास तू."

बाहेर ग्राइंडर चालू होता.

"चारचौघांत बोलला न्हाईस, त्याचं मला काय न्हाई," ते म्हणाले. "पोरगं भ्यालं, म्हणलं. गाट बसलंत, पोलिसाची भाषा चाललिया, कोण बोलंल? म्हणलं घरी यील, एकट्यात बोलंल. आला न्हाईस. चाची म्हणायची, त्याचं नाव घ्या. म्हणलं, मी कशाला घिऊ, त्याला घिऊ दे. मग म्हणलं आपणच जाऊ. रोज समोर बसू. कवा तर त्याच्या तोंडातनं यील."

शरम वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला, हेही खरं. सहा वर्षं हा माणूस समोर बसून मला बघत होता, आणि मी मात्र त्याला पोसतोय म्हणून मान खाली घालत होतो.

"लोकांस्नी सांगू नको," चाचा म्हणाले. "धंदा हाय, लेकरं हायत. फकस्त मला सांग. दार लावलंय."

एक वाक्य होतं. चाचा, मी केलं. तीन शब्द. ते तोंडात आलेले मला जाणवले.

"चाचा," मी म्हणालो, "चहा सांगू?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"सांग," ते म्हणाले.

मी फोन उचलून चहा सांगितला. तो हायवेच्या पलीकडून यायचा, पंधरा मिनिटांच्या आत कधीच यायचा नाही. चाचा ती पंधराही मिनिटं थांबले.